अठरा तारखेची शाळा

सोमवार, ४ जानेवारी. सकाळी ६.४०

रोजनिशी आजपासून. गेल्या वर्षीचा एक कोरा हजेरीपट घरी पडून होता, त्यातच लिहितो आहे. रकाने आयते आहेत. मुलांच्या नावांच्या जागी विचार लिहायचे.

काल संध्याकाळी मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. दहा महिन्यांनी शाळा उघडायची, अठरा तारखेला, सध्या नववी-दहावीपुरती. सुरक्षिततेची सगळी तयारी पर्यवेक्षक म्हणून माझ्याकडे. मी कारण विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही घरी एकटेच असता सर, तुमच्याकडे वेळ आहे. 'तुमच्याशिवाय हे कोण करणार' असं सरळ म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. अर्थ तोच.

संकल्प: रोज पाचला उठणे. गच्चीवर अर्धा तास चालणे. कमी बोलणे. तिसरा संकल्प सध्या आपोआप पाळला जातो, कारण घरात बोलायला कुणी नाही. तरी लिहून ठेवलेला बरा.

आज उठायला सव्वासहा झाले. पाच उद्यापासून.

मंगळवार, ५ जानेवारी

उठलो ६.३५. गच्चीवर गार वारा होता. चाललो नाही.

शाळेत गेलो. मामांनी गेट उघडलं. मामा म्हणजे आमचे शिपाई. बावीस वर्षं एकत्र आहोत. सगळ्या बेंचवर धुळीचा एकसारखा थर, कुणीतरी मोजून घातल्यासारखा. नववी-ब च्या फळ्यावर मार्चमधलं माझं गणित अर्धवट राहिलं होतं. ते पूर्ण केलं. उत्तर बरोबर आलं. मामांनी विचारलं, सर, कुणाला शिकवताय. म्हणालो, सवय ठेवतोय.

खरं तर सवय मोडलेलीच नाही. ऑनलाइन वर्ग रोज घेतले. बेचाळीस मुलं, बेचाळीस काळे चौकोन, आवाज बंद. अशी शांतता मला तेहतीस वर्षांत मिळाली नव्हती. इतर शिक्षक तक्रार करायचे की मुलं फोन लावून झोपतात. माझ्या वर्गात हे शक्य नाही. एकदा मी पूर्ण तास माझाच माइक बंद ठेवून शिकवला, तेव्हाही कुणी वर्ग सोडून गेलं नाही. शेवटच्या मिनिटाला एका मुलीने लिहून कळवलं, सर, आवाज येत नाहीये. ही मुलगी प्रत्येक गोष्टीत शंका काढते. तिला मी 'शंका'च म्हणतो.

बुधवार, ६ जानेवारी

आराखडा लिहायला घेतला. नाव: 'सुरक्षित शाळा: एक सर्वंकष आराखडा'. दिवसभर मोजमापं. टेपचं एक टोक मामांकडे, एक माझ्याकडे. कॉरिडॉर एकशे दहा फूट. सहा-सहा फुटांवर मूल उभं केलं तर अठरा मावतात. पटावर एकशे शहाऐंशी. उरलेल्यांची रांग जिन्यावरून मैदानात, मैदानातून गेटबाहेर आणि चौकातल्या औषधाच्या दुकानाच्याही पुढे जाते. नकाशात तशी दाखवली आहे. रांगेने सिग्नल पाळावा अशी तळटीप दिली.

मामा म्हणाले, सर, पोरं अशी उभी राहतील का. मी म्हणालो, नकाशात राहिली आहेत.

गुरुवार, ७ जानेवारी

आराखडा पूर्ण. अठ्ठेचाळीस पानं, पाच परिशिष्टं. परिशिष्ट तीन विशेष चांगलं उतरलं आहे: 'कोणी घरीच थांबावे'. ताप, खोकला, घसा दुखणे, वास न येणे, चव न लागणे, यापैकी काहीही असलं तरी शाळेत पाऊल टाकायचं नाही. सबब चालणार नाही. 'नाही' खाली दोन रेघा मारल्या.

मॅडमनी फाइल हातात तोलून बघितली आणि विचारलं, याचं एक पान करता येईल का, दारावर लावायला. न वाचता मंजुरी दिली, इतका विश्वास. एक पान हवं म्हणून अनुक्रमणिका वेगळी काढून दिली.

शुक्रवार, ८ जानेवारी

हात धुण्याचा हिशोब. एकशे शहाऐंशी मुलं, प्रत्येकी वीस सेकंद, नळ चार. साडेपंधरा मिनिटं. नंतर मामांनी सांगितलं की चारपैकी दोन नळांना पाणीच येत नाही. म्हणजे एकतीस मिनिटं. दिवसातून तीनदा, म्हणजे त्र्याण्णव. वेळापत्रकात हे बसवण्यासाठी दोन तास काढावे लागले. इतिहासाचा काढला आणि विज्ञानाचा काढला. गणित काढायचा विचार मनात आला होता. आला आणि गेला.

शनिवार, ९ जानेवारी. संध्याकाळ

हिचा फोन. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच आहे. महिन्यासाठी गेली होती. मग सगळंच बंद झालं. आता गाड्या सुरू झाल्या आहेत, पण प्रवासात धोका असतो म्हणून मीच येऊ नको म्हणून सांगितलं आहे. तशी ती येते म्हणालेली नाही, पण म्हणाली असती तर मी हेच सांगितलं असतं.

नातू आता धरून उभा राहायला लागला आहे. फोनवर दाखवला. मी हात हलवला तर तो पंख्याकडे बघत होता.

ही म्हणाली, शाळा सुरू व्हायच्या आत चार दिवस येऊन जा, एकदा सुरू झाली की तुम्हाला जमणार नाही. लेकीनेही मागून सांगितलं, बाबा, या ना. मी समजावलं की अठरा तारीख माझ्यावर उभी आहे. चार दिवस मी हललो तर इकडे सगळं कोसळेल. ती बरं म्हणाली. मग विचारलं, जेवलात का. सांगितलं, भात, भाजी, कोशिंबीर.

ब्रेड आणि चहा. पण ब्रेडला टोमॅटो लावला होता, म्हणजे कोशिंबीर अगदीच खोटी नाही.

सोमवार, ११ जानेवारी

आज, काल आणि परवाचा थोडा वेळ झेरॉक्सच्या दुकानात. सूचनाफलकांचं लॅमिनेशन, एकूण चौसष्ट. दुकान म्हणजे एक बोळ, दार ओढून घेतलेलं, कारण धुळीने मशीन खराब होतं. झेरॉक्सवाला गप्पिष्ट माणूस. दहा महिन्यांत माझ्याशी समोरासमोर इतकं कुणी बोललं नव्हतं, म्हणून काम दोन तासांचं असूनही सहा तास बसलो. त्याला बराच खोकला होता. खोकताना कोपर कसं दुमडावं याचं मी त्याला प्रात्यक्षिक दिलं. नीट ऐकू यावं म्हणून मास्क खाली घेतला होता. अशा माणसांपर्यंत शास्त्र पोचवलं पाहिजे.

बुधवार, १३ जानेवारी

जमिनीवर बाण आणि सहा-सहा फुटांवर उभं राहायची वर्तुळं रंगवून घेतली. एकेरी वाहतूक. पिवळा रंग, मामांचा हात, माझा नकाशा. नकाशाप्रमाणे खोली सातमधून शेजारच्या खोली आठमध्ये जायचं तर जिना उतरून, मैदानाला वळसा घालून, दुसऱ्या जिन्याने वर यावं लागतं. मामा म्हणाले, मधे नुसतं दार आहे सर. सोय आणि सुरक्षितता यांत निवड करावी लागते, असं त्यांना सांगितलं.

विज्ञानाच्या मॅडम आल्या होत्या. गेल्या वर्षीच लागल्या आहेत, वय जेमतेम अठ्ठावीस. चौसष्ट फलक बघून म्हणाल्या, छान आहेत सर. मग म्हणाल्या, पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खिडक्या उघड्या ठेवू या. माझ्या अठ्ठेचाळीस पानांत खिडकी हा शब्दच नाही. इतकी साधी गोष्ट महत्त्वाची असती तर आली असती. शिवाय खिडक्या उघडल्या की वाऱ्याने फलक फडफडतात. नवीन आहेत. शिकतील.

शुक्रवार, १५ जानेवारी

पालकांची संमतिपत्रं मोजली. एकशे शहाऐंशीपैकी ब्याऐंशी. माझ्या दहावी-ब मधून बेचाळीसपैकी सतरा. मॅडमना हा आकडा बरा वाटला. मला वाटतं बाकीच्यांची पत्रं वाटेत आहेत. काही पालकांना फोन लावले. एकाने मला ओळखलं नाही. 'गणिताचे सर' म्हणाल्यावर म्हणाला, हां, ते अजून आहेत का.

घशात जरा खवखव. रंगाचा वास बाधला असणार.

शनिवार, १६ जानेवारी. संध्याकाळ

संतापजनक प्रकार. वर्ग धुवायला फिनेल मागवलं होतं, त्याला वासच नाही. मामांना बाटली उघडायला लावली, नाक लावलं, शुद्ध पाणी. मामा म्हणाले, सर, माझ्या डोळ्यांतून पाणी येतंय. मामांचं वय झालं आहे. पुरवठादाराला कडक पत्र लिहिलं, भेसळीबद्दल. प्रत मॅडमना.

दुपारी सॅनिटायझरही तसंच निघालं. दुसऱ्या कंपनीचं, पण तोच प्रकार. हे रॅकेट असावं.

रविवार, १७ जानेवारी

चहाची पावडरही गेली वाटतं. हल्ली काहीच चांगलं मिळत नाही. अंग मोडून आलं आहे, दोन आठवडे राबलो त्याचा परिणाम. उद्यासाठी ड्रेस इस्त्री केला.

हिचा फोन. आवाज बसलाय म्हणाली. उत्साहाने बसला आहे, असं सांगितलं. जेवलात का. हो.

सोमवार, १८ जानेवारी. दुपारी ४

शाळा उघडली. तपशीलवार नोंद करतो, पुढे संदर्भाला लागेल.

सात वाजता गेटवर उभा राहिलो. रेनकोट, हातमोजे, तोंडावर प्लास्टिकची काच, गळ्यात शिट्टी. तापमापक आधी स्वतःवर चालवून बघितला. शंभर पॉइंट चार. सेल उतरले असणार. दुसरा घेतला, त्यानेही तेच सांगितलं. दोन्ही एकाच खोक्यातले. बाजूला ठेवून दिले आणि मुलांना नुसतं निरखून आत सोडलं.

साडेसातला मुलं आली. रांग चौकापर्यंत गेली नाही. रांगच झाली नाही. एकदम लोंढा आला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, दोघी-तिघी रडायलाच लागल्या. मुलं एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारत होती. मी शिट्टी फुंकायला गेलो तर मधे मास्क. 'सहा फूट' असं ओरडलो. एक मुलगा मला विचारून गेला, काका, फवारणी कधी संपणार.

बाणांप्रमाणे मात्र मुलं चालली, हे नमूद केलं पाहिजे. तळमजल्यावरचे बाण फिरून पुन्हा तिथेच येत होते, ही मामांची चूक की नकाशाची हे बघावं लागेल. नववीची बारा मुलं तीन फेऱ्या मारून आली. तिसऱ्या फेरीला हसत होती. मामांनी एका बाणावर गोणपाट टाकलं, तेव्हा ती वर्गात पोचली.

हात धुण्याचा कार्यक्रम पहिल्या सात मुलांनंतर मॅडमनी थांबवला.

मग माझा तास. दहावी-ब. सतरापैकी सतरा हजर. दार उघडून आत गेलो आणि सगळी उभी राहिली. बेंच सरकल्याचा तो आवाज. डोळ्यांच्या सतरा जोड्या, सगळ्या माझ्याकडे. पहिलं मिनिटभर पाठ करून कोराच फळा पुसत राहिलो. खडूची ॲलर्जी आहे मला.

नंतर दीड तास शिकवलं. हात धुणं थांबल्यामुळे पुढचा तास विज्ञानाच्या मॅडमना पुन्हा मिळाला होता, त्या दारात येऊन परत गेल्या. खिडक्या त्यांनी सकाळीच उघडून ठेवल्या होत्या. हजेरीपट उडत होता म्हणून मी लावून घेतल्या. शंकाने हात वर केला: सर, खिडकी उघडी नको का. म्हटलं, आधी प्रमेय. मास्कमधून प्रमेय नीट पोचत नाही, म्हणून मास्क हनुवटीवर घेतला.

एकूण दिवस यशस्वी. खूप दमलो. घरी येऊन बूट न काढताच झोपलो.

मंगळवार, १९ जानेवारी

उठलो ७.१०. अंग दुखतं. दोन तास शिकवलं. एका मुलाने सर, तुम्ही बसून शिकवा असं सांगितलं. किती आदर.

बुधवार, २० जानेवारी. संध्याकाळ

हे कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहितो.

साडेदहाला प्रयोगशाळेतून आरडाओरडा. गॅसचा नळ कुणाकडून तरी उघडा राहिला होता. विज्ञानाच्या मॅडमनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि सगळ्या मजल्याला बाहेर काढलं. मुलं नाकाला रुमाल लावून पळत होती. मी कॉरिडॉरच्या मधोमध उभा राहिलो आणि सांगायला लागलो, पळू नका, बाणांनी जा, गॅसबिस काही नाही, अफवा आहे, मी इथेच उभा आहे, मला काहीसुद्धा वास येत नाहीये.

दोन मिनिटांत मजला रिकामा झाला. मी एकटा उभा.

विज्ञानाच्या मॅडम परत वर आल्या. मला हाताला धरून नेणार होत्या, पण जवळ येता येता थांबल्या. सहा फुटांवर. बरोबर माझ्या पिवळ्या वर्तुळात. अगदी हळू विचारलं, सर, तुम्हाला खरंच वास येत नाहीये? कधीपासून?

मी म्हणालो, आजच.

त्या म्हणाल्या, चला, मी मागून चालते, तुम्ही पुढे व्हा. दवाखान्यापर्यंत तशाच आल्या. मी पुढे, त्या मागे.

शनिवारपासून. मला शनिवारीच समजलं असावं. हे वाक्य खोडणार होतो, पण शाईने लिहिलं आहे.

गुरुवार, २१ जानेवारी

पॉझिटिव्ह. शाळा बंद, पुढची सूचना मिळेपर्यंत. तीन दिवस चालली.

मॅडमचा फोन, बोलणं थोडंच. पालकांना 'एका कर्मचाऱ्यास लागण झाली आहे' इतकंच कळवलं आहे, नाव कुणी घ्यायचं नाही. तुम्ही विश्रांती घ्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

मामांनी दाराबाहेर दूध आणि औषधं ठेवली, बेल वाजवून खाली गेले. खिडकीतून हात केला, त्यांनी बघितलं नसावं.

हिला सांगितलं, घसा धरलाय म्हणून सुट्टी घेतली.

शनिवार, २३ जानेवारी

दहावी-ब मधल्या तिघांना ताप. शंका त्यात आहे. बाकी वर्गांत कुणाला नाही. फक्त माझ्या.

पालकांच्या ग्रुपवर दिवसभर चर्चा. कोण असेल. एकीने लिहिलं, तो शिपाई असणार, तो कुठे कुठे फिरत असतो. मग सगळ्यांचं तेच ठरलं. एकाने लिहिलं, असल्या लोकांना कामावर घेताना विचार करायला हवा. खाली अकरा अंगठे.

मामांची तपासणी निगेटिव्ह आहे. मॅडमनी तसं लिहिलं तर लोक म्हणाले, सांभाळून घेताय.

मी काही लिहिलं नाही. नाव घ्यायचं नाही असा आदेश आहे. आदेश पाळला पाहिजे. शिवाय ताप आहे.

रविवार, २४ जानेवारी

मामांचा फोन, दूध किती आणू विचारायला. मी विचारलं, ठीक ना. म्हणाले, ठीक. मग म्हणाले, आमच्या जिन्यावरचे लोक मला बघून दार लावतात, मंडळी रडते, पण चालायचंच, आठवड्यात विसरतील. ग्रुपवर काय चाललंय ते त्यांना माहीत आहे. कुणामुळे झालं तेही त्यांना माहीत आहे. म्हणाले, अर्धा लिटर आणतो.

ताप आज नाही. ताप नाही हे लिहिताना जरा वाईट वाटलं. सबब गेली.

सोमवार, २५ जानेवारी

काही नाही. दिवसभर फोन हातात घेऊन ठेवला.

मंगळवार, २६ जानेवारी. दुपारी १

सकाळी नऊला सुरुवात केली. आधी ग्रुपवर लिहिलं. तीन वेळा लिहून खोडलं. पहिल्या मसुद्यात 'दुर्दैवाने' हा शब्द चारदा आला होता. शेवटी: 'लागण मला झाली होती. शनिवारपासून लक्षणं होती, तरी मी शाळेत आलो. मामांचा काही संबंध नाही.' खाली हुद्दा लिहिला होता, तो काढला.

मग दहावी-ब च्या सतराही घरी फोन. हजेरीपटाच्या क्रमाने. प्रत्येकाला तेच सांगितलं: माझ्यामुळे झालं, खिडक्या मीच लावल्या होत्या, मास्कही काढला होता, चूक झाली. पाचव्या घरापर्यंत पाठ झाल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून सहाव्या घरी थांबत थांबत बोललो. एक वडील अर्धा तास बोलले. सगळं बरोबर बोलले. एका आईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोघांनी उचललाच नाही, त्यांना लिहून पाठवलं. एक मुलगा म्हणाला, सर, मग परीक्षा पुढे जाणार का.

शंकाचा नंबर सोळावा. तिनेच उचलला. तिचा ताप उतरला आहे. आजोबांना काल हॉस्पिटलमध्ये नेलं, ऑक्सिजन लावला आहे. घरात ती एकटीच, आई-वडील तिकडे. मी म्हणालो, बाळ, हे माझ्यामुळे झालं. म्हणाली, हो सर, माहीत आहे. मी सोमवारीच आईला सांगितलं होतं की सरांना बरं नाही वाटत. आई म्हणाली, मग तू सरांना का नाही विचारलंस. पण मला वाटलं, तुम्ही रागवाल.

तेहतीस वर्षं मुलं मला घाबरतात याचा मला अभिमान होता.

मग तिने विचारलं, सर, तुमच्याकडे कोण आहे बघायला. म्हटलं, आहेत सगळे.

त्याच दिवशी. संध्याकाळ

अठरावा फोन हिला. सगळं सांगितलं. तिने विचारलं, कधीपासून. सांगितलं, आज दहा दिवस झाले. म्हणाली, म्हणजे दहा दिवस मी जेवलात का विचारतेय आणि तुम्ही मला कोशिंबीर सांगताय. फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत केला आणि खूप बोलली. मी मधे बोललो नाही.

शनिवार, ३० जानेवारी

शंकाचे आजोबा अजून तिथेच. रोज सकाळी फोन करतो. ती आकडा सांगते, ऑक्सिजनचा. आज ब्याण्णव. तेहतीस वर्षं आकडेच हाताळले, पण एखाद्या आकड्याची अशी वाट कधी बघितली नव्हती.

बुधवार, ३ फेब्रुवारी

आजोबा घरी आले. चालताना धाप लागते, पण आले. त्यांनी फोन मागून घेतला. वाटलं, आता बोलतील ते ऐकायचं. म्हणाले, मास्तर, नातीचं भूमितीचं राहिलंय, जरा बघा. मी हो म्हणालो. पुढे काय बोललो आठवत नाही.

माझी तपासणी निगेटिव्ह. कॉफीचा वास थोडा आला. किंवा आठवला.

सोमवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११

शाळा आज पुन्हा उघडली. मला शुक्रवारी समजलं, ग्रुपवरूनच. नवी सूचना विज्ञानाच्या मॅडमनी काढली आहे. एक पान. खिडक्या उघड्या. मास्क. बरं नसेल तर घरी, शिक्षकांनीसुद्धा. वर्ग शक्य तेव्हा मैदानात. बस्स. दोनदा वाचून बघितलं, चूक सापडते का. सापडली नाही.

मी तयार होऊन बसलो होतो. साडेसहाला मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, सर, पालक अजून जरा... तुम्ही हा महिना विश्रांतीच घ्या. गणिताची व्यवस्था झाली आहे. मी म्हणालो, मीही तेच सुचवणार होतो.

मामांना फोन करून विचारलं, कसं चाललंय. म्हणाले, चांगलं चाललंय सर, एकशे तीस आलीत. मग घाईत म्हणाले, घंटा द्यायची आहे. फोन खिशात तसाच चालू राहिला. घंटा ऐकली, मग मैदानावरचा गोंगाट. पाचेक मिनिटं ऐकत होतो. कुणालाच गप्प करावंसं वाटलं नाही. मग मामांच्या लक्षात आलं असावं, बंद झाला.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

हिला फोन केला. सांगितलं, मी मोकळा आहे, येतो तिकडे. चार दिवस नाही, महिनाभर येतो. गाडी सकाळी सव्वाआठची आहे, बघून ठेवली आहे.

ती म्हणाली, महिनाभर थांबा. घरात लहान बाळ आहे. मी म्हणालो, निगेटिव्ह आहे, कागद आहे. म्हणाली, असू दे, तरी थांबा. मी विचारलं, जावई म्हणतात का. म्हणाली, नाही, ते काही म्हणत नाहीत. मी म्हणतेय.

बरोबर आहे, असं मी म्हणालो. आहेच.

गाडीची वेळ लिहिलेला कागद दुमडून ठेवला. मग तिने विचारलं, जेवलात का.

नाही म्हणालो.

म्हणाली, उठा. फोन ठेवू नका, तिथे ओट्यावर ठेवा. एक वाटी तांदूळ घ्या. धुतलात का. परत धुवा. आता दोन वाट्या पाणी. मीठ विसरलात, हो ना. झाकण नीट बसलं का बघा. तीन शिट्ट्या होऊ द्या, मी आहे.

ओट्यापाशी उभा राहिलो. ती तिकडे काहीतरी निवडत असावी, ताटात दाणे पडल्यासारखा आवाज येत होता. पहिली शिट्टी झाली. ती म्हणाली, एक. थोड्या वेळाने दुसरी झाली. दोन म्हणेपर्यंत तिकडे बाळ रडायला लागलं. ती म्हणाली, उठला वाटतं, आले हं, आणि फोन बंद झाला.

तिसरी शिट्टी बऱ्याच वेळाने झाली. गॅस बंद केला.